पहिला अंक कुणाला मिळतो?

गेल्या दिवाळीत सोलापूरला घरी गेलो होतो तेव्हाची गोष्ट. माळा आवरायचं काम दर वर्षी कुणाच्या तरी गळ्यात पडतं, ते यंदा माझ्या गळ्यात पडलं. पत्र्याच्या ट्रंकेत माझी जुनी कॉमिक्स निघाली. इंद्रजाल, अमर चित्र कथा, चांदोबा, टिंकलचे थोडे अंक. निम्म्यांची कव्हरं गेलेली, काही आईनं जाड दोऱ्यानं शिवलेली. काम बाजूला टाकून मी तिथंच फतकल मारून चाळत बसलो. तेवढ्यात भाचा आला. वय वर्षं नऊ. त्यानं एक वेताळ उचलला, उलटसुलट करून बघितला आणि विचारलं, "मामा, हा कितवा एपिसोड?"

"कितवा म्हणजे? वाच की."

"नको. आधी पहिला दे. मधूनच काय वाचायचं?"

मी ट्रंक पालथी घातली. पहिला काही सापडला नाही. सापडणार कुठून? तो माझ्याकडे कधी नव्हताच! साहेब गेले परत टॅबकडे. तिथं सीझन पहिला, भाग पहिला, सगळं शिस्तीत मांडलेलं असतं.

मी मात्र विचारात पडलो. म्हटलं, आपण लहानपणी शंभरेक तरी कॉमिक्स वाचली असतील. त्यातलं एकही 'पहिल्यापासून' वाचलं नाही. आणि तेव्हा काही अडलं नाही. मग आताच का अडतंय?

आता थोडी पार्श्वभूमी. सोलापुरात अंक यायचे ते स्टेशनवरच्या नाहीतर एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर. यायचे म्हणजे, आले तर यायचे. या आठवड्याचा आला, पुढचे दोन आलेच नाहीत, मग एकदम चार आले, असा कारभार. उरलेलं सगळं रद्दीवाल्याकडून, किंवा गल्लीतल्या भाड्यानं पुस्तकं देणाऱ्याकडून. त्याच्याकडे तर अंकांचा क्रम एकच, कोण आधी परत करेल त्याचा. थोडक्यात, प्रकाशक मुंबईत बसून एक, दोन, तीन असं छापायचा आणि आमच्यापर्यंत यायचं ते सतरा, चार, एकशे बारा असं. नेटवर्कवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर पॅकेट वाटेत हरवायची आणि उरलेली उलटसुलट क्रमानं पोचायची. अशा लाइनवर जो प्रोटोकॉल चालतो तोच टिकतो.

आणि गंमत म्हणजे त्या काळातली चांगली कॉमिक्स नेमकी अशाच लाइनसाठी बनवली होती.

वेताळच घ्या. ली फॉकनं ही चित्रमालिका १९३६ साली अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांसाठी सुरू केली. आपल्याकडे टाइम्स ऑफ इंडिया समूहानं मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स काढलं ते याच वेताळाच्या जोरावर, आणि ते मराठीतही आलं. या गोष्टींची एक ठरलेली सवय होती. पहिल्या दोन-चार चौकटींत, जे उशिरा आले त्यांच्यासाठी सगळा इतिहास थोडक्यात सांगून टाकायचा. चारशे वर्षांपूर्वी चाच्यांनी जहाज लुटलं, एकटा माणूस वाचून किनाऱ्याला लागला, त्यानं कवटीवर हात ठेवून शपथ घेतली, मग त्याचा मुलगा, त्याचा मुलगा, आणि हा आत्ताचा एकविसावा. झालं. चला आता गोष्टीकडे. तुम्ही कुठलाही अंक उचला, तुमच्यासाठी दार उघडं.

त्याहून साधी युक्ती चांदोबाची. मूळ चंदामामा जुलै १९४७ मध्ये मद्रासहून तेलुगू आणि तमिळमध्ये निघाला, मराठी चांदोबा आला १९५२ साली. त्यातली विक्रम-वेताळाची गोष्ट आठवा. (हा वेताळ वेगळा. लहानपणी माझा यात भयंकर घोटाळा होता. जंगलातला वेताळ झाडाला का लटकत नाही हे मला बरेच दिवस कळत नव्हतं.) दर महिन्याला तोच हट्टी राजा, तेच झाड, तेच खांद्यावरचं प्रेत, आणि शेवटी राजाचं मौन मोडलं की वेताळ परत झाडावर. सुरुवात आणि शेवट दोन्ही ठरलेले, मधली गोष्ट नवी. ही मालिका कितीही वर्षं चालवा, वाचणाऱ्याला कुठलाही अंक पहिलाच. प्रत्येक वेळी सगळं शून्यावर आणून ठेवायचं काम तो वेताळ स्वतःच करतो!

याचा सोलापूरला एक खास फायदा होता. आमच्या गावात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू असा चौरंगी मामला. पूर्व भागात विणकर पद्मशाली समाजाची घरं, त्यांच्याकडे तेलुगू. अक्कलकोटकडच्या मित्रांच्या घरी कन्नड. चंदामामा या भाषांतही निघायचा, आणि चित्रं तीच. शाळेतला माझा एक मित्र तेलुगू अंक आणायचा, मी मराठी. त्याच्याकडचा एखादा महिना माझ्याकडे नसला तर मी त्याचा अंक घ्यायचो, चित्रं बघायचो आणि तो गोष्ट सांगायचा. "अरे हा राजा नाहीये बे, हा प्रधान आहे," असं मधेमधे. माझ्या मालिकेतली भोकं अशी शेजारच्या भाषेतून बुजवली गेली. आकडा कुणीच बघत नव्हतं, महिना सांगितला की पुरे.

आता आकड्यांकडे येतो, कारण यातली खरी मजा तिथंच आहे.

अमर चित्र कथा १९६७ साली अनंत पै यांनी सुरू केली असं आपण सगळे समजतो. ते खरंच आहे, पण मग त्यातला पहिला अंक कुठला? 'कृष्ण'. चित्रं राम वाईरकरांची. आणि त्यावरचा क्रमांक? अकरा! कारण पहिले दहा अंक म्हणजे सिंड्रेला, स्नोव्हाइट अशा परदेशी परीकथा होत्या, आणि त्यांची सुरुवात बंगळूरला १९६५ साली कन्नडमधून झालेली. पैंनी देशी गोष्टी आणल्या आणि गाडी अकरापासून पुढे निघाली. म्हणजे अमर चित्र कथा म्हणून आपण जिला ओळखतो ती सुरूच अकराव्यापासून होते. आमच्या धंद्यात शून्यापासून मोजायची पद्धत आहे, त्यावरून लोक आमची चेष्टा करतात. इथं तर अकरापासून मोजलंय.

पुढे तर आणखी मजा. जुने क्रमांक चारशेच्या पलीकडे गेले, मग अंक नव्या रूपात छापताना ५०१ पासून नवी गणती सुरू झाली आणि त्यात 'कृष्ण' झाला ५०१, 'हनुमान' ५०२. जुन्या गणतीत हनुमान एकोणीस होता. म्हणजे एकच पुस्तक, तीच चित्रं, क्रमांक दोन. बारा आणि पाचशे तीस असे दोन अंक घरात असले तर ती एकच गोष्ट आहे की दोन वेगळ्या, हे आकडा तुम्हाला सांगत नाही.

इंद्रजालनंही असंच केलं. इंग्रजी अंकांवर सुरुवातीला सरळ आकडे होते. ते चारशेच्या पुढे गेल्यावर, १९८३ च्या सुमारास, एकदम 'खंड २०, अंक १' असं यायला लागलं. हिशोब बरोबर आहे, १९६४ हा पहिला खंड धरला की १९८३ विसावा. पण रद्दीच्या ढिगापुढे उकिडवा बसलेल्या दहा वर्षांच्या पोराला हे कोण सांगणार? त्याला वाटणार, ही वेगळीच मालिका आहे आणि आपले आधीचे एकोणीस खंड चुकले. १९९० ला इंद्रजाल बंद पडलं तेव्हा आठशेच्या वर अंक निघाले होते, आणि हा आठशेचा आकडा अंकावर कुठंही छापलेला नव्हता. तो पुढे संग्रह करणाऱ्यांनी मोजून काढला.

यावरून मला एक गोष्ट लख्ख दिसते. अंकावरचा क्रमांक वाचणाऱ्यासाठी नसतोच. तो छापणाऱ्याच्या हिशोबासाठी असतो, टपालखात्यासाठी असतो, एजंटासाठी असतो, नाहीतर माझ्यासारख्या जमवणाऱ्यासाठी असतो. कुठला आधी छापला हे तो सांगतो. कुठला आधी वाचायचा हे सांगत नाही. आपण मात्र पहिल्याचा अर्थ दुसरा लावून बसतो.

अमेरिकेतल्या कंपन्यांनी हे ओळखलं आणि त्याचा धंदा केला. १९९१ मध्ये एक्स-मेनची नवी मालिका काढून मार्वलनं 'क्रमांक १' विकला, त्याच अंकाची वेगवेगळी कव्हरं काढली आणि एकाच माणसाला तोच अंक पाच-पाचदा घ्यायला लावला. त्याच्या ऐंशी लाखांच्या आसपास प्रती दुकानांनी उचलल्या. लोक वाचायला नव्हे, ठेवायला घेत होते. पुढे भाव मिळेल म्हणून. आता जी गोष्ट ऐंशी लाख लोकांकडे आहे तिला भाव कोण देणार? फुगा फुटला, आणि १९९६ च्या डिसेंबरात मार्वलला दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. कारणं आणखीही होती, पण हे त्यातलं मोठं.

तरी सवय गेली नाही. सप्टेंबर २०११ मध्ये डीसीनं सगळा बाडबिस्तरा गुंडाळून एका महिन्यात बावन्न मालिका नव्यानं 'क्रमांक १' पासून सुरू केल्या. सांगितलेलं कारण चांगलं होतं, नव्या वाचकाला आत येता यावं. आणि सुरुवातीला लोक आलेही. पण मग? ज्या ॲक्शन कॉमिक्समध्ये १९३८ साली सुपरमॅन पहिल्यांदा आला, तेही त्यात एकवर आणलं होतं. पुढे हजारावा अंक साजरा करायची वेळ आली तेव्हा जुनी गणती परत काढली, आणि एप्रिल २०१८ मध्ये 'क्रमांक १०००' विकला. म्हणजे एक विकायचा असेल तेव्हा एक, हजार विकायचे असतील तेव्हा हजार. आमच्याकडे प्रॉडक्टचा व्हर्जन नंबर मार्केटिंगवाले ठरवतात तेव्हा अगदी असंच होतं. आतला बिल्ड नंबर मात्र मुकाट्यानं एकेकानं वाढत असतो.

आता तुम्ही म्हणाल, मग काय मालिका लिहूच नयेत? प्रत्येक गोष्ट एका अंकात संपवायची? क्रमशःची जी हुरहूर असते तिचं काय?

मुद्दा रास्त आहे. चांदोबातल्या धारावाहिक कादंबऱ्यांनी मला महिना महिना तंगवून ठेवलंय आणि मी ते खुशीनं सहन केलंय. अमर चित्र कथेनंही ऐंशीच्या दशकात महाभारत बेचाळीस भागांत काढलं, आणि ते बेचाळीसच्या बेचाळीस क्रमानं वाचण्यात जे सुख आहे ते सुट्या अंकात नाही. हल्ली आमच्या ऑफिसातली पोरं जपानी मांगा वाचतात. 'वन पीस'चे शंभरच्या वर खंड झालेत आणि ही मंडळी पहिल्यापासून वाचतायत, तेही कौतुकानं.

पण तिथं एक फरक आहे. मांगाच्या खंडावरचा आकडा खरा बोलतो. एकनंतर दोन, दोननंतर तीन, जो छापायचा क्रम तोच वाचायचा. आणि चालत्या मालिकेचा पहिला खंड दुकानात मिळतो. पंचवीस वर्षांपूर्वी निघालेला असला तरी मिळतो. म्हणजे 'पहिल्यापासून वाच' असं सांगायचं असेल तर पहिला हातात द्यायची जबाबदारीही सांगणाऱ्याचीच. ती घ्यायची नसेल तर मग वेताळासारखं दोन चौकटींत सगळं सांगून टाकायचं. दोन्हींपैकी एक तरी करा. आपल्याकडे बऱ्याचदा दोन्ही होत नाही. मालिका तीन भागांची, दुकानात फक्त दुसरा, आणि कव्हरवर कुठंही लिहिलेलं नाही की बाबा रे, हा दुसरा आहे.

हे मी हवेत बोलत नाहीये. ट्रंकेत एक अंक असा आहे. नाव सांगत नाही. त्याच्या शेवटच्या पानावर कळतं की गोष्ट पुढच्या अंकात संपणार. तो पुढचा अंक सोलापूरला आला नाही. मी कितीतरी दिवस स्टँडवरच्या स्टॉलवर चकरा मारल्या. स्टॉलवाले काका शेवटी म्हणाले, "आला की ठेवतो रे, तू पळ शाळेला." आला नाही. तीस वर्षं होऊन गेली, त्या गोष्टीचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही.

वेताळाकडे परत येतो, कारण मला वाटतं उत्तर त्याच्याच गुहेत आहे. वेताळाच्या घराण्यात प्रत्येकाला क्रमांक आहे. पहिला, सातवा, तेरावा, एकविसावा. पण हे क्रमांक कुठं असतात? कवटीच्या गुहेत, त्या जाडजूड बखरींमध्ये. बाहेर जंगलात कुणाला विचारा, तो म्हणेल वेताळ एकच आहे आणि तो मरत नाही. ज्याला खोलात जायचंय त्याच्यासाठी आत सगळी नोंद नीट ठेवलेली. ज्याला नुसती भेट घ्यायची आहे त्याला आकडा आडवा येत नाही. क्रमांक असावा तो असा, गुहेत. दारावर नको.

अमर चित्र कथावाल्यांना हे पुढे पुढे उमजलं असावं. आता त्यांची पुस्तकं आकड्यापेक्षा विषयावर लावलेली दिसतात. पुराणं आणि महाकाव्यं एकीकडे, शूरवीर एकीकडे, गोष्टी आणि विनोद एकीकडे. शिवाय तीन-तीन, पाच-पाच गोष्टींचे एकत्र खंड. पोरगं 'मला लढाईचं पाहिजे' म्हणतं, 'मला २३ नंबरचं पाहिजे' म्हणत नाही. (जुन्या गणतीत तेवीस म्हणजे शिवाजी, बाय द वे. हे माझ्यासारख्याला माहीत असतं, आणि कामाचं काहीच नसतं.) बालभारतीनंही १९७१ पासूनच्या 'किशोर'चे जुने अंक ऑनलाइन फुकट ठेवलेत. तिथं पहिला अंक कुणालाही मिळतो, सोलापूरला बसूनही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच स्टेशनच्या स्टॉलवर आमचं नशीब अवलंबून नाही.

तरीही मला चिंता आहे ती वेगळीच. इंद्रजाल १९९० लाच गेलं, चांदोबा २०१२-१३ च्या सुमारास बंद पडला. आज सोलापूर स्टेशनवर उतरणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांपुढे आपणहून येईल असं मराठी कॉमिक शोधावं लागतं. नवं काढणारे उत्साही लोक अधूनमधून भेटतात, आणि त्यातले बरेच सुरुवात करतात ती 'खंड १, भाग १, एका महागाथेचा आरंभ' अशी. पहिल्या भागात नुसती ओळखपाळख, गोष्ट म्हणे तिसऱ्यात. तिसरा निघतच नाही. पैसे संपतात. माझं त्यांना हात जोडून सांगणं आहे, आधी बत्तीस पानांत एक गोष्ट संपवा. मग दुसरी संपवा. पन्नास झाल्या की खुशाल म्हणा ही महागाथा होती, आणि बखर लिहा. अकरापासून मोजा हवं तर.

आणि थोडं माझ्याबद्दलही. ट्रंक सापडल्यावर मी पहिलं काय केलं असेल? कोणकोणते क्रमांक आहेत आणि कोणते नाहीत याची एक्सेल शीट केली. न मिळालेले लाल रंगात. मग प्रत्येक अंक प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला. भाचा परत आला तेव्हा "हात लावू नको, फाटेल" असंही म्हणून झालं. ताई नुसतं बघत होती. म्हणाली, "तू रद्दीतनं आणलेलं ते. त्याला वाचू दे की."

बरोबरच होतं तिचं. शीट बंद केली, पिशव्या काढल्या. भाच्याला म्हटलं, याला पहिला भाग नसतोच, पहिली दोन चित्रं म्हणजेच पहिला भाग, ती वाच आणि मग ठरव. दोन चित्रं वाचली. मग पाठीवर पडून उरलेलं वाचलं. संध्याकाळपर्यंत सहा झाले, क्रम कुठलाच नाही. सातवा नेमका तो अर्धवट अंक. शेवटच्या पानावर आला आणि ओरडला, "मामा! पुढचा?"

म्हटलं, "नाहीये. मलाही माहीत नाही काय झालं ते."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मीच कुठंतरी लपवून ठेवलाय.

पुण्याला परत आल्यापासून शोधतोय. लाल रंगातल्या सगळ्या नोंदी मी काढून टाकल्या. एकच ठेवलीये.